गोष्टी वाचून मुलांचं नेमकं काय होतं? (आणि रडवणाऱ्या गोष्टी द्यायच्या की नाही)

एका पालकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी पावणेसात वर्षांची, दुसरीत, शाळा इंग्लिश मीडियमची पण घरात मराठी. तिला फक्त गोष्टींचीच पुस्तकं हवी असतात, आणि तीही तीच तीच. सासरे म्हणतात हे परी-राक्षस पुरे झाले, जीकेचं काहीतरी द्या. आणि मागच्या आठवड्यात एका गोष्टीतलं कुत्र्याचं पिल्लू हरवलं म्हणून ही रात्री हुंदके देऊन रडली, तर अशा गोष्टी बंद कराव्यात का?

मी आधी प्राथमिक शाळेत शिकवायचे आणि आता बरीच वर्षं साताऱ्यात मुलांचं वाचनालय चालवते, म्हणजे माझा दिवस ह्याच सगळ्यात जातो. उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

पहिलं म्हणजे "वाचनाने संस्कार होतात" हे वाक्य मी बोलणार नाही कारण ते मला स्वतःलाच पटत नाही. गोष्टी वाचून मूल आपोआप गुणी होत नाही हो. आमच्याकडे कपाटंच्या कपाटं वाचून काढलेली पोरं रांगेत घुसतात, खोटं बोलतात, नवीन पुस्तक आधी कोणाला यावरून एकमेकांना चावतात सुद्धा. गोष्टीमुळे जे होतं ते ह्यापेक्षा साधं आहे आणि माझ्या मते जास्त कामाचं आहे. समोरच्याच्या डोक्यात काय चाललंय, त्याला काय माहितीये, काय माहीत नाहीये, तो असा का वागला असेल, ह्याचा अंदाज बांधायची मुलाला सवय लागते.

आपली भोपळ्याची गोष्ट घ्या. म्हातारी लेकीकडे निघते, वाटेत वाघ आडवा येतो, ती त्याला सांगते की लेकीकडे जाऊन तूपरोटी खाऊन जाडजूड होऊन येते मग मला खा, आणि परत येताना भोपळ्यात बसून टुणूक टुणूक. ही गोष्ट मी तीन ते सहा वर्षांच्या मुलांना एकत्र बसवून सांगते तेव्हा हमखास एक गंमत होते. वाघ भोपळ्याला विचारतो की म्हातारी पाहिलीस का, आणि पुढे बसलेलं एखादं बारकं पोर जोरात ओरडतं, "आतच आहे की ती!" त्याला वाघाची बाजू घ्यायची नसते, त्याला फक्त कळत नसतं की जे मला माहितीये ते वाघाला कसं माहीत नाही, हा विचारतोय कशाला. आणि मागून एखादी पाच-साडेपाच वर्षांची ताई येऊन त्याच्या तोंडावर हातच ठेवते, "ए गप्प, वाघाला माहीत नाहीये ते!" तिचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा असतो, कारण म्हातारीला माहितीये, तिला माहितीये, आणि बिचाऱ्या वाघाला माहीत नाहीये, हे तिघांचं वेगवेगळं माहीत असणं ती एकाच वेळी डोक्यात धरून बसलेली असते.

मानसशास्त्रात याला थिअरी ऑफ माइंड म्हणतात. 1983 मध्ये विमर आणि पर्नर ह्या दोघांनी यावर जी प्रसिद्ध टेस्ट केली ती म्हणजे अक्षरशः एक छोटी गोष्टच आहे. मॅक्सी नावाचा मुलगा चॉकलेट एका कपाटात ठेवून बाहेर जातो, तो नसताना आई ते दुसऱ्या कपाटात ठेवते, आता मॅक्सी परत आला की चॉकलेट कुठे शोधेल? तीनेक वर्षांची मुलं बहुतेक वेळा चॉकलेट आत्ता जिथे आहे ती जागा दाखवतात. चार-पाचच्या पुढे गेली की हळूहळू म्हणायला लागतात की तो आधीच्याच कपाटात शोधेल, त्याला कुठे माहितीये. हे वयाप्रमाणे सगळ्यांचंच होतं, गोष्टी न ऐकणाऱ्यांचंही. पण गोष्टी जास्त ऐकलेल्या मुलांचं थोडं बरं होतं असं दिसतं. 2010 मध्ये कॅनडात रेमंड मार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार ते सहा वर्षांची मुलं घेतली आणि त्यांच्या पालकांना मुलांच्या पुस्तकांच्या नावांची यादी दिली, ज्यात काही नावं मुद्दाम खोटी घातली होती, म्हणजे "हो हो, आम्ही खूप वाचतो" अशी फेकाफेक चालणार नाही. ज्या पालकांना खरी नावं जास्त ओळखता आली त्यांची मुलं अशा टेस्टमध्ये पुढे होती, वय, भाषा, घरचं उत्पन्न हे सगळं हिशोबात धरून सुद्धा. सिनेमांच्या बाबतीतही तसंच दिसलं, टीव्हीच्या बाबतीत मात्र नाही. सिनेमावाल्यांनी खूश व्हायला हरकत नाही.

पण इथे थोडा ब्रेक लावते. व्हॉट्सॅपवर फिरतं ना, "कथा वाचल्याने सहानुभूती वाढते, सायन्सने सिद्ध", त्याच्यामागे बहुतेक 2013 चा एक अभ्यास असतो, मोठ्या माणसांवरचा, साहित्यिक कथेचा छोटा उतारा वाचला आणि लगेच दुसऱ्यांचे भाव ओळखायचा स्कोअर वाढला असा. तो नंतर दुसऱ्यांनी करून पाहिला तर तसा निकाल आला नाही. 2018 मध्ये मोठ्या जर्नल्समधले 21 प्रयोग परत करून बघितले गेले त्यातही हा टिकला नाही. त्यामुळे एक गोष्ट वाचली आणि मूल समजूतदार झालं असं काही नसतं, जे काही होतं ते वर्षानुवर्षं, थोडं थोडं, आणि घरात त्यावर काय बोललं जातं यावर बरंच अवलंबून असतं.

आणि ह्या बोलण्यातच आपण माती खातो, म्हणजे तात्पर्य विचारतो! "मग बाळा, या गोष्टीतून आपण काय शिकलो?" मुलांना हे उत्तर काय द्यायचं असतं ते पहिलीतच कळतं, खोटं बोलू नये, एकी हेच बळ, आळस वाईट, की सुटका. उत्तर तयार असतं म्हणून विचार करायची गरजच उरत नाही.

कॅनडातलाच कांग ली आणि मंडळींचा 2014 चा प्रयोग मी पालकसभेत नेहमी सांगते. तीन ते सात वर्षांच्या मुलांबरोबर आवाजावरून खेळणं ओळखायचा खेळ, मध्येच मोठं माणूस खोलीबाहेर जातं, जाताना बजावून जातं की मागे वळून बघायचं नाही. मुलं बघतातच. मग ते माणूस परत येऊन एक गोष्ट वाचून दाखवतं आणि नंतर विचारतं, खरं सांग, बघितलंस का? काहींना "लांडगा आला रे आला" ऐकवली, काहींना खोटं बोलल्यावर नाक लांब होणाऱ्या लाकडी बाहुल्याची, काहींना जॉर्ज वॉशिंग्टनची, ज्यात पोरगा चेरीचं झाड तोडल्याचं कबूल करतो आणि वडील खरं बोलल्याबद्दल त्याचं कौतुक करतात, आणि काहींना ससा-कासव, ज्याचा खऱ्याखोट्याशी संबंधच नाही. लांडग्याने आणि लांब नाकाने काहीही फरक पडला नाही, ससा-कासवावाल्यांइतकीच मुलं खोटं बोलली. फरक पडला तो फक्त वॉशिंग्टनच्या गोष्टीने. पुढे त्यांनी त्याच गोष्टीचा शेवट उलटा करून बघितला, म्हणजे मुलगा खोटं बोलतो आणि शिक्षा भोगतो, तर तिचाही असर गेला. पिढ्यान्‌पिढ्या आपण ज्या लांडग्यावर भिस्त ठेवून बसलो तो ह्या कामाचा नाहीच म्हणायचा.

मग विचारायचं काय? माझा अनुभव असा की जितकं कमी आणि जितकं गोष्टीच्या आतलं विचाराल तितकं बरं. चिऊ-काऊची गोष्ट दुसरीच्या मुलांना सांगून मी फक्त विचारलं होतं की चिऊने दार लगेच का नाही उघडलं. एक मुलगा म्हणाला मुद्दाम, तिला उघडायचंच नव्हतं, बाळाला तीट लावायला इतका वेळ लागतो का कधी. त्यावर एक मुलगी एकदम चिडून, "ती घरात एकटी आहे ना बाळाबरोबर, रात्री कोणी दार वाजवलं तर माझी आई पण नाही उघडत." मग तिसरा, जो तोवर बुटाची लेस सोडत बसला होता, म्हणाला की पण कावळ्याची काय चूक, त्याच्याकडे शेणच होतं. आता यात तात्पर्य काय सांगणार? मागे बसलेल्या एक आई म्हणाल्याच मला, "मॅडम, पण घर पक्कं बांधावं हे राहिलं ना सांगायचं!" राहू दे म्हटलं. त्या मुलांनी पाच मिनिटांत एका चिमणीच्या वागण्याची तीन कारणं शोधली होती, शाळेत उद्या कोणी डबा शेअर केला नाही तर त्याचीही एकापेक्षा जास्त कारणं असू शकतात हे त्यांना तिथूनच सुचणार आहे, कधीतरी.

इटलीत ओर्नागी वगैरे संशोधकांनी लहान मुलांना गोष्टी ऐकवून पुढे काही गटांशी गोष्टीतल्या भावनांवर, कोणाला काय वाटलं, काय कळलं यावर गप्पा-खेळ केले आणि काहींना नुसत्या गोष्टी ऐकवून सोडून दिलं. भावना ओळखण्यात गप्पा मारलेली मुलं जास्त पुढे गेली. म्हणजे बोलायला हवंच. पण सगळं उलगडूनही सांगायचं नाही. 2004 च्या एका अभ्यासात गोष्टीच्या मजकुरातच "तिला वाटलं, त्याला माहीत नव्हतं" असे शब्द पेरून ठेवले तर मुलं ते शब्द जास्त वापरायला लागली खरी, पण दुसऱ्याच्या मनातलं समजावून सांगण्यात ज्यांना चित्रावरून आणि प्रसंगावरून स्वतःच ओळखावं लागलं तीच मुलं सरस ठरली. मला यात काहीच आश्चर्य वाटलं नाही. चांगल्या चित्रपुस्तकात लेखक गप्प बसतो आणि चित्रात पोरगी दाराआड उभी दिसते, तेवढं पुरतं. तुम्ही वाचून दाखवताना पान लगेच उलटू नका, दहा सेकंद थांबा, मूल स्वतःच काहीतरी बोलेल. नाही बोललं तर नाही, पुढे चला, ती तोंडी परीक्षा नाही.

कोणत्या गोष्टी द्यायच्या ते विचारलं नाहीत पण सांगते. प्राण्यांच्या गोष्टी सगळीकडे मिळतात आणि पालक डोळे झाकून घेतात. टोरांटोत चार ते सहा वर्षांच्या मुलांना वाटून घेण्याची एक गोष्ट दोन प्रकारे वाचून दाखवली, एकात कपडे घातलेले रॅकून वगैरे प्राणी, दुसरीत तीच गोष्ट पण माणसांची मुलं, आणि आधी-नंतर बघितलं की मूल आपले स्टिकर न दिसणाऱ्या दुसऱ्या मुलाला किती देतं. माणसांची गोष्ट ऐकलेल्यांनी नंतर जास्त दिले, प्राण्यांची ऐकलेल्यांनी उलट कमी. आता यावरून पंचतंत्र रद्दीत घालू नका प्लीज. पंचतंत्र वाटून खा शिकवायला लिहिलेलंच नाहीये मुळी, त्यातला विष्णुशर्मा राजाच्या तीन मठ्ठ पोरांना सहा महिन्यांत राजनीती शिकवायला निघालेला असतो, त्यात कोण कोणाला कसं गंडवतं हेच मुख्य. माकडाने मगरीला "काळीज झाडावर राहिलं" म्हणून गंडवणं ही मघाशी म्हटलं त्या दुसऱ्याला काय माहितीये ह्या खेळाची एकदम फर्स्ट क्लास प्रॅक्टिस आहे. फक्त त्याच्याबरोबरीने माणसांच्या मुलांच्या गोष्टी हव्यात, ज्यांच्या घरी भांडणं होतात, ज्यांना बहिणीचा हेवा वाटतो, ज्यांची चप्पल तुटलेली असते. माधुरी पुरंदऱ्यांची पुस्तकं मी याच कारणासाठी देते, त्यात घर घरासारखं असतं, आई कंटाळलेलीही असते. आणि तुमची मुलगी शहरात फ्लॅटमध्ये राहत असेल तर पाड्यावरच्या, वस्तीतल्या, ऊसतोडीला गेलेल्या घरातल्या मुलांच्या गोष्टी मुद्दाम शोधा. उलटंही तितकंच खरं, आमच्याकडे आजूबाजूच्या खेड्यांतून येणाऱ्या मुलांना पुस्तकात आपल्यासारखं घर, आपल्यासारखी बोली दिसली की ती पुस्तक दोन-दोनदा नेतात.

आता रडण्याचं. मुलगी रडली कारण तिला पिल्लाचं वाईट वाटलं. हे बिघडलेलं काही नाही, गोष्ट पोचल्याचं लक्षण आहे. मी फक्त हे बघेन की ती कशाने रडली. पिल्लू एकटं पडलं म्हणून? का आपणही हरवू शकतो असं वाटलं म्हणून? का घरात कोणी गेलंय नुकतंच, आजोबा, शेजारचे काका, आणि ते सगळं पिल्लाच्या निमित्ताने बाहेर आलं? सहा-सात वर्षांच्या मुलाला स्वतःच्या दुःखाबद्दल थेट बोलता येत नाही पण पिल्लाबद्दल बोलता येतं, आणि तुम्ही पिल्लाबद्दलच बोला, उगाच "तुला आजोबांची आठवण येते का" असं खोदू नका. "अगं खोटं असतं ते सगळं" हे अजिबात म्हणू नका. तिला माहितीये ते खोटं आहे. तुम्ही सिनेमात रडता तेव्हा तुम्हाला माहीत नसतं का?

जवळ घ्या, विचारा कोणतं पान, ते पान हवं तर परत उघडून बघा आणि शेवटापर्यंत न्या, अर्ध्यात पुस्तक मिटून झोपवलं तर पिल्लू रात्रभर हरवलेलंच राहतं. झोपायच्या वेळेला थोडे दिवस हलकं-फुलकं वाचा आणि अशा गोष्टी दुपारी. थांबायचं कधी? रोज रात्री दचकून उठतेय, शाळेत जायला नको म्हणतेय, एकटी बाथरूमला जात नाहीये आणि हे दोन-तीन आठवडे चाललंय, तर गोष्ट बाजूला ठेवा आणि एखाद्या समुपदेशकाशी बोला, कारण मग मुद्दा बहुतेक पुस्तकाचा नसतो. शिवाय आपल्या लहानपणी रडलो म्हणून तेच आत्ता द्यायचं असंही करू नका. साने गुरुजींनी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली "श्यामची आई" पिढ्यांनी डोळे पुसत वाचली, पण सात वर्षांच्या मुलीला आईचं मरण इतकं जवळून दाखवायची घाई कशाला, दहा-अकराला स्वतःच्या हाताने वाचू दे की.

तेच तेच पुस्तक वाचण्याची काळजी सोडा. 2011 मध्ये इंग्लंडमध्ये तीन वर्षांच्या मुलांवर बघितलं होतं, नवा शब्द तितक्याच वेळा ऐकवला पण एका गटाला वेगवेगळ्या गोष्टींतून आणि दुसऱ्याला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा वाचून, तर पुन्हा पुन्हावाल्यांना शब्द जास्त लक्षात राहिले. मोठ्या मुलांचं मला असं दिसतं की पहिल्यांदा ती "पुढे काय" साठी वाचतात. शेवट माहीत झाला की धाकधूक जाते आणि मग कोपऱ्यातली मांजर, मागे उभा असलेला भाऊ, हे सगळं दिसायला लागतं. तिने त्या पिल्लाचं पुस्तक परत मागितलं ना, तर बिनधास्त द्या.

राहिले सासरे. जीकेची पुस्तकं वाईट नाहीत, ज्या मुलाला ट्रेन आणि डायनासोर हवेत त्याला तेच द्यावेत, मी देते. पण गोष्टी काढून घेऊन ती देऊ नयेत. त्यांना मार्कांची भाषा चालत असेल तर सांगा की 35 देशांतल्या 15 वर्षांच्या अडीच लाखांहून जास्त मुलांचा डेटा बघितला तेव्हा वाचनाच्या परीक्षेत नेमाने कथा-कादंबऱ्या वाचणारी मुलं पुढे होती, पेपर, मासिकं, कॉमिक्स आणि माहितीपर पुस्तकं वाचण्याने तसा फरक दिसला नाही. अर्थात यातून कारण सिद्ध होत नाही, चांगलं वाचता येणारी मुलंच कादंबऱ्यांकडे वळत असतील, पण निदान गोष्टींनी अभ्यास बुडतो ही भीती तरी काढून टाकायला हरकत नाही.

आणि खरं सांगू का, वाद घालण्यापेक्षा रोज रात्री वाचून दाखवायचं काम त्यांच्याकडेच द्या. मुलगी इंग्लिश मीडियमला आहे, तिला स्वतः वाचता येणारं मराठी अजून अडखळत असेल पण ऐकून समजणारं मराठी त्याच्या कितीतरी पुढे असतं, त्यामुळे मूल वाचायला लागलं म्हणून वाचून दाखवणं बंद करू नये, निदान चौथी-पाचवीपर्यंत. पुस्तकांचा खर्चही लागत नाही फार, बालभारतीचं "किशोर" मासिक 1971 पासून निघतंय आणि जुने अंक ऑनलाइन फुकट वाचता येतात, "स्टोरीवीव्हर" ह्या वेबसाइटवर मराठी चित्रगोष्टी आहेत त्याही फुकट. आजोबांना "किशोर" चे सत्तरच्या दशकातले अंक काढून द्या, त्यातली चित्रं बघून तेच आधी तासभर हलणार नाहीत, मग नातीला जवळ बसवतील.